मागचा स्विच

“हे बघा, बंकटशेठ.” मशीनच्या पोटातून डोकं बाहेर काढत शिवलिंगप्पांनी तळहात पुढे केला. तळहातावर नखाएवढा काळा स्विच होता आणि त्याची पत्री घासून पार चपटी झाली होती.

बंकटने तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात ढकललं. “काय बघू त्याच्यात? गेला आसंल तर नवा टाका.”

“टाकतोच. पर ह्यो मागचा हाय. दोन वर्षांत मागचा स्विच मी एकदाबी बदलला न्हाई.”

बंकटला त्यात काही विशेष वाटलं नाही. अंबाजोगाईत व्हिडिओ गेमचं पहिलं दुकान त्याने टाकलं होतं. त्याआधी एसटीडी बूथ, त्याच्याआधी कॅसेटची लायब्ररी. दर दोन वर्षांनी नवं काहीतरी काढणाऱ्या माणसाला जुन्या स्विचचं कौतुक असायचं कारण नव्हतं. शिवलिंगप्पांना मात्र त्याचं राहून राहून नवल वाटत होतं.

दुकानात तीन मशिनी होत्या. दोन गाड्यांच्या आणि विमानांच्या, आणि तिसरं हे मारामारीचं. त्याच्यावर दोन दांडे, प्रत्येकाच्या बाजूला सहा-सहा बटणं. दांडा समोरच्याच्या दिशेने ढकलला की आपला पैलवान पुढे जायचा, मागे ओढून धरला की दोन्ही हात तोंडापुढे घेऊन समोरच्याचा मार अडवायचा. दर पंधरा दिवसांनी शिवलिंगप्पा हे मशीन उघडत. मोडलेलं काय सापडायचं ते त्यांना आता पाठ झालं होतं. आधी बटणं जायची, कारण पोरं ती दाबत नसत, बुक्क्या मारत. मग पुढचा स्विच जायचा. मागचा मात्र दिल्लीहून आला तेव्हा होता तसाच कोराकरकरीत. मागे जातो कोण? सत्त्याण्णव साल होतं ते. टीव्हीवर, पेपरात, भाषणांत सगळीकडे पुढे चला, पुढे चला असाच घोशा चालला होता, मग अंबाजोगाईच्या पोरांनी तरी मागे का राहावं?

आणि तरी हा डाव्या दांड्याचा मागचा स्विच घासून घासून मेला होता. कुणाच्या हाताने, ते शिवलिंगप्पांना विचारावं लागलं नाही.

उत्तरेश्वर सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय होता. वय बेचाळीस, कानाजवळचे केस पांढरे, तरी हुद्द्याने अजून बॉयच. मूळचा तेलगावकडचा. भाऊ दरसाल कोयते घेऊन ऊसतोडीला जायचे, ह्याला तेवढी ही नोकरी लागली होती. ड्युटी संपवून सव्वाचारच्या सुमाराला तो खाकी कपड्यातच यायचा, एक कॉइन टाकायचा आणि डाव्या दांड्याशी उभा राहायचा. कॉलेजची पोरं आधी हसली. मग त्याला मामा म्हणू लागली. मग हळूहळू त्याच्यावर चिडू लागली.

कारण त्याचा खेळच तसा होता. सुरुवातीला एक लाथ तो खालून हळूच मारायचा. पडद्यावरची त्याची जिवाची पट्टी समोरच्यापेक्षा बोटभर जास्त झाली, की दांडा मागे ओढून उभा. मग समोरच्याने आगीचे गोळे फेकावेत, उड्या घ्याव्यात, बटणं फोडावीत, हा नुसता अडवत राहायचा. वरचा वेळेचा, नव्व्याण्णवचा आकडा उतरत उतरत शून्यावर यायचा आणि पट्टी ज्याची जास्त तो जिंकायचा. म्हणजे उत्तरेश्वर. जिंकणारा जागेवर राही, हरणाऱ्याने नवा कॉइन टाकावा असा तिथला रिवाज. त्यामुळे हा माणूस एका कॉइनवर तासभर खेळायचा आणि मग आपणहून दांडा सोडून घरी जायचा.

“मामा, मर्दावानी खेळा की बे!” मागून कुणीतरी ओरडायचं. उत्तरेश्वर वळूनही बघायचा नाही.

एकदा समोरच्या टपरीवर चहा पिताना शिवलिंगप्पांनी त्याला विचारलं होतं, “कावून असं खेळता ओ तुमी? पोरं लई शिव्या देत्यात.”

उत्तरेश्वरने कपातला चहा बशीत ओतला, फुंकर मारली. “दिसभर वरडा ऐकूनच येतो ओ मी. डॉक्टर वरडतो, सिस्टर वरडती, पेशंटचे नातेवाईक वरडत्यात. तिथं काय करता येत न्हाई. हितं दांडा मागं वढला की लागत न्हाई, बास.” मग थोडं थांबून म्हणाला, “अडवलं तरी थोडं लागतंच म्हणा. गोळा आडवला तरी पट्टी सुताएवढी खाली येतीच. पर तेवढं चालतंय.”

शिवलिंगप्पांना हा माणूस आवडायचं आणखी एक कारण होतं. तो मशीनला मारत नसे. दांडा दोन बोटांत धरायचा, जुन्या रेडिओचा काटा स्टेशनावर आणावा तसा. पस्तीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेल्या माणसाला असला हात लगेच कळतो.

“मिस्त्री, एक काम हाय,” बंकट आता खुर्ची ओढून जवळ बसला. दुपारची वेळ, दुकान रिकामं. “तो नवा स्विच टाकताय न्हवं? टाका. पर तार जोडू नका.”

“आँ?”

“मागची तार. डावीकडची. नुसती काढून ठेवा.”

शिवलिंगप्पांच्या ध्यानात यायला वेळ लागला. बंकटने मग सगळं सांगितलं. मोंढ्यातल्या एका आडत्याचा मुलगा रामेश्वर, पंचक्रोशीत त्याच्यासारखा मारामारी खेळणारा कुणी नाही. दांडा हातात आला की वादळासारखा सुटतो, बघायला गर्दी जमते. पण त्या गर्दीसमोर आठ दिवसांत चारदा त्याला ह्या वॉर्डबॉयने हरवलं होतं, आणि हरवलं म्हणजे तरी काय, तर नुसतं उभं राहून. काल रामेश्वरने दहा जणांसमोर बंकटला सुनावलं होतं, एक तर तो येईल नाही तर आम्ही येऊ.

“मग त्याला येऊ नका म्हणावं सरळ,” शिवलिंगप्पा म्हणाले.

“कसं म्हणू? माय दवाखान्यात होती तवा धा दिवस त्यानंच तिची गाडी ढकलली. बिडीसुद्धा घेतली न्हाई माझ्याकडून. त्याला कुठल्या तोंडानं म्हणू, येऊ नको?” बंकटला खरोखरच वाईट वाटत होतं, आणि तरी तो हे सांगत होता. “एकदा मार बसला की आपोआप यायचा बंद व्हईल. कुणाचं वाईटबी दिसणार न्हाई. स्विच गेला म्हणू.”

शिवलिंगप्पा पेचकस उगाच शर्टाला पुसत राहिले.

त्यांच्या धंद्यात एक वाट सगळ्यांना माहीत होती. एक दुरुस्त करायचं आणि जाता जाता दुसरं ढिलं करून ठेवायचं, म्हणजे गिऱ्हाईक महिन्याभरात परत येतं. भलेभले मिस्त्री असं करत. शिवलिंगप्पांनी पस्तीस वर्षांत ते एकदाही केलं नव्हतं. चालू वस्तू बिघडवायची नाही, एवढा एकच नेम त्यांनी पाळला होता. त्याच्या जोरावर परळी-केजहून माणसं एसटीत मांडीवर रेडिओ घेऊन त्यांच्याकडे यायची. दुसरं त्यांच्याकडे होतं काय? घर जुनं, दुकान भाड्याचं, मुलगी शिवांजली लग्न होऊन उदगीरला गेलेली. लोकांनी ‘शिवलिंगप्पांचा हात’ म्हणावं, हीच काय ती कमाई.

पण आता रेडिओच राहिले नव्हते. नवे रंगीत टीव्ही बिघडले की कंपनीचा माणूस आतली सर्किटची अख्खी पाटी बदलून जायचा. त्यांच्या टेबलावर महिन्याला दोन-तीन वस्तू यायच्या, त्याही म्हाताऱ्या लोकांच्या. बंकटच्या मशिनी हेच मोठं काम उरलं होतं.

“लातूरचा एक पोरगा यायचं म्हणतोय मशिनी बघायला,” भिंतीकडे बघत बंकट म्हणाला. “मी म्हणलं, आमचे मिस्त्री हायेत की.”

ते ऐकून शिवलिंगप्पा पुन्हा मशीनच्या पोटात शिरले. नवा स्विच बसवला, पुढच्या, वरच्या, खालच्या तारा जोडल्या. चौथी तार जोडायची तेवढी राहिली. कापावंही लागलं नाही काही. दोन बोटांचं काम. पस्तीस वर्षांचा नेम दोन बोटांनी मोडला आणि त्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

काम झाल्यावर त्यांनी घरी जायला हवं होतं. पण केलेलं काम चालतं की नाही ते बघितल्याशिवाय निघायचं नाही, ही जुनी खोड. ते कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहिले.

सव्वाचारला उत्तरेश्वर आला. त्या दिवशी फारच थकलेला दिसत होता, सदऱ्याची पाठ घामाने भिजलेली. त्याने शिवलिंगप्पांना बघून मान हलवली आणि दांड्याशी उभा राहिला. उजवीकडे रामेश्वर तयारच होता. बातमी कुठून फुटली कोण जाणे, पाठीमागे पंधरा-वीस पोरं जमली होती.

तीन डावांत दोन जिंकायचे. पहिला डाव सुरू झाला. उत्तरेश्वरने नेहमीप्रमाणे खालून लाथ मारली आणि दांडा मागे ओढला. पैलवान हलला नाही. हात वर झाले नाहीत. रामेश्वरच्या बुक्क्या थेट तोंडावर बसल्या. उत्तरेश्वरने दांडा सोडून परत ओढला, परत ओढला. वीस आकडेसुद्धा उतरले नाहीत, पैलवान आडवा झाला. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

उत्तरेश्वरने दांड्याकडे बघितलं. दोन बोटांनी तो एकदा चारी दिशांना फिरवला. शिवलिंगप्पांनी मान खाली घातली.

ह्या खेळात एक गोष्ट होती. दोघे पैलवान एकमेकांना ओलांडून गेले की दोघांची तोंडं फिरत, आणि मग डावीकडच्याचं मागे म्हणजे डावीकडेऐवजी उजवीकडे होई. उजवी, म्हणजे एरवीची पुढची, तार तर शाबूत होती. दुसरा डाव सुरू झाला आणि ज्या माणसाने कधी उडी मारली नव्हती त्याने पहिल्या क्षणाला उडी मारली. रामेश्वरच्या डोक्यावरून पलीकडे, उतरता उतरता एक लाथ, आणि दांडा उजवीकडे ओढून उभा. हात वर! रामेश्वर तुटून पडला, गोळे फेकले, बटणं बडवली. आकडा उतरत गेला. दुकानात आवाज नव्हता. शून्य झालं तेव्हा उत्तरेश्वरची पट्टी बोटभर जास्त होती.

शिवलिंगप्पा स्टुलाच्या कडेला सरकून पुढे वाकले. आपणच मोडलेल्या वस्तूशी हा माणूस मुकाट्याने झगडत होता, आणि आपण स्टुलावर बसून मनातल्या मनात तो जिंकावा म्हणून देवाला विनवत होतो. एवढी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती. उठून तार जोडावी असं मनात आलं. पण ते बसूनच राहिले.

“पलीकडं जाऊ देऊ नको बे त्याला!” मागून एक जण ओरडला.

तिसऱ्या डावाला उत्तरेश्वरने उडी घेतली आणि रामेश्वर मागे सरला. त्या सबंध दोन वर्षांत तो मागे सरलेला कुणी पाहिला नव्हता. उडी मधेच पडली, पैलवान खाली येता येता मार बसला, आणि मग डाव्या कोपऱ्यात कोंडून रामेश्वर मारत सुटला. उत्तरेश्वर दांडा मागे ओढून उभा राहिला. चालत नाही हे ठाऊक असूनही शेवटपर्यंत तसाच ओढून उभा राहिला.

पोरांनी रामेश्वरला खांद्यावर घेतलं. त्या गलक्यात उत्तरेश्वर शिवलिंगप्पांजवळ आला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “मिस्त्री, मागचा स्विच गेलाय वाटतं. झिजलाच व्हता माझ्या हातानं. सवडीनं बघा.”

“बघतो,” शिवलिंगप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेला बसून त्यांनी गळ्यातलं इष्टलिंग काढलं आणि रोजच्यासारखं डाव्या तळहातावर घेतलं. लहानपणी दीक्षा झाल्यापासून एक दिवस चुकला नव्हता. त्या सकाळी मंत्र तीनदा मधेच तुटला आणि तीनदा पहिल्यापासून सुरू करावा लागला.

“काय होतंय ओ?” त्यांच्या पत्नी गंगासागरबाईंनी चुलीपासून विचारलं.

“काय न्हाई. रात्री झोप न्हाई लागली.”

पूजा आटोपून ते तडक दुकानात गेले. बंकट यायच्या आत त्याच्या पुतण्याकडून कुलूप उघडवून घेतलं आणि तार जोडून टाकली. लातूरचा पोरगा येवो नाही तर मुंबईचा येवो. पण सव्वाचार वाजले, साडेचार वाजले, उत्तरेश्वर आला नाही. त्या दिवशीच नाही, पुन्हा कधीच आला नाही. पंधरा दिवसांनी मशीन उघडलं तेव्हा डावा मागचा स्विच बसवला तसाच कोरा होता. महिन्याने उघडलं, तरी कोराच.

बंकटला त्याचा काही फायदा झाला म्हणावं तर तेही नाही. वर्षाच्या आत टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम बाजारात आले, आणि गावात पहिला आणला तो रामेश्वरच्याच बापाने. दुकान ओस पडलं. बंकटने मशिनी मिळेल त्या भावात फुंकून टाकल्या आणि कॉम्प्युटर क्लासचा बोर्ड लावला. मारामारीच्या मशीनची पेटी एका पानवाल्याने नेली, तिच्यात तो आता सुपारीचे डबे ठेवतो.

दवाखाना शिवलिंगप्पांच्या घरापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर होता. जाऊन सांगावं असं त्यांच्या मनात कितीदा आलं. एकदा तर फाटकापर्यंत जाऊन परत आले. माणसाला कबूल करायलाही आजारपणाचं निमित्त लागतं. दीड वर्षाने ते मिळालं. गंगासागरबाई न्हाणीत घसरल्या आणि कमरेचं हाड मोडलं.

त्यांना वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी एक्स-रेसाठी खाली न्यायचं ठरलं. चाकांची गाडी घेऊन जो आला त्याला बघून शिवलिंगप्पा उभेच राहिले.

“बाई, घाबरू नका. लई हळू नेतो,” उत्तरेश्वर गंगासागरबाईंना म्हणाला. मग शिवलिंगप्पांकडे बघून ओळखीचं हसला. केस आता जवळजवळ सगळेच पांढरे झाले होते. “मिस्त्री, तुमी व्हय? या. डोक्याकडनं धरा.”

वॉर्डाबाहेर लांबलचक उतार होता, मधे एक वळण घेऊन खाली जाणारा. उत्तरेश्वरने गाडी फिरवली, पेशंटचं डोकं वरच्या बाजूला ठेवलं आणि स्वतः पायाकडे, उताराच्या बाजूला जाऊन उभा राहिला. दोन्ही हात दांडीवर, छाती पुढे. मग मागे मागे चालू लागला. सगळं ओझं त्याच्या अंगावर येत होतं आणि तो पाऊल पाऊल मागे टाकत ते अडवत होता. वीस वर्षं, दिवसातून पन्नास वेळा.

शिवलिंगप्पा बघत राहिले. हा माणूस तसा का खेळायचा ते आपण टपरीवर कशाला विचारलं होतं, असं त्यांना वाटलं.

“उत्तरेश्वर,” ते म्हणाले. “त्या दिशी स्विच गेला नव्हता. तार मी काढलती.”

उत्तरेश्वर थांबला नाही. मान वळवून त्याने मागचा उतार बघून घेतला, मग म्हणाला, “ठावं हाय मला.”

“कसं?”

“झिजलेला स्विच कवा लागतो, कवा न्हाई लागत. ह्यो पार मुका व्हता.” दोन पावलं गेली. “अन् तुमी मान खाली घातलती.”

“मग बोलला कावून न्हाई? समद्यांपुढं स्विच गेला म्हणालात.”

“मग काय म्हणू? तेवढ्या पोरांत तुमचं नाव घेऊ?” उत्तरेश्वर म्हणाला. त्यात राग नव्हता, फक्त दमलेपणा होता. “आमच्या बापाचा रेडिओबी तुमीच नीट केलता. तेलगावला अजून वाजतोय त्यो.”

शिवलिंगप्पांच्या डोळ्यांपुढे सगळं अंधुक झालं. वळण आलं, तिथे उतार जास्त होता. गाडी खाली ओढ घेऊ लागली. ते घाईने दांडी सोडून पुढे आले. “सरका तुमी. मी धरतो खालनं. दमलात.”

“नगं, नगं. वरनं नुसता हात लावा,” उत्तरेश्वर म्हणाला. “खालनं मी हाय.”

शिवलिंगप्पा परत वर जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात दांडीला लावले. समोर तो मागे मागे जात होता, खांदे ताठ, नजर गाडीवरच्या बाईच्या तोंडावर. चाकांचा बारीक करकर आवाज तेवढा होत होता.

खाली सपाटीला लागल्यावर गाडी थांबली आणि उतारभर डोळे मिटून पडलेल्या गंगासागरबाईंनी डोळे उघडले.

“कावून थांबलात?” त्या म्हणाल्या. “न्या की आता खाली.”